कौलारू घराच्या माळ्यातून इन्फिनिट बॅफल सबवूफर – कोणी केलंय का कोकणात?

पडवीतला_प्रोजेक्टर

नमस्कार मंडळी, गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि खोल्यांवर लाकडी पाट्यांचा माळा. मागची खोली आधी भात ठेवायला होती, ती आता रिकामी आहे आणि घरच्यांनी मला होम थिएटरसाठी दिलीय. खोली २० बाय १३ फूट, माळ्यापर्यंत उंची साडेनऊ फूट. प्रोजेक्टर आहे, रिसीव्हर आहे, पुढचे तीन आणि मागचे दोन स्पीकर आहेत, सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर) मात्र १० इंची पोर्टवाला, म्हणजे डब्याला हवेचं भोक असलेला, तो ३० हर्ट्झच्या खाली काहीच देत नाही.

डोक्यात असं आहे की माळ्यावर चार १५ इंची ड्रायव्हर, म्हणजे डब्याशिवायचे नुसते स्पीकर, बसवायचे, छताला एक तोंड पाडायचं, आणि सगळा माळा हाच सबवूफरचा डबा, यालाच इन्फिनिट बॅफल म्हणतात. खोलीत एक इंच जागा जात नाही, गणपतीत घर भरलं की तिथे गाद्या टाकून दहा माणसं झोपतात त्यामुळे जमिनीवर मोठे डबे नकोच आहेत. बजेट दीड लाखाच्या आत, अँप (अँप्लिफायर) धरून. पण शहरातल्या एका इंस्टॉलरला विचारलं तर तो म्हणाला असलं काही नसतं, डबा घ्या. इकडे कोणी केलं असेल तर सांगा, माळ्याचं माप पुरेल का, पावसाळ्यात ड्रायव्हरचं काय होतं, कौलं हलतील का. घर आजोबांच्या वेळचं आहे त्यामुळे जे करायचं ते नीट करायचंय.

कातळावरचा

असतं की. मी रत्नागिरीकडे केलंय आणि अजून रोज वापरतोय. इन्फिनिट बॅफलमध्ये कोनाच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना भेटू द्यायची नाही, बाकी सगळं नंतर. पुढून दाब तयार होतो तेव्हा मागे ओढ तयार होते, २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब, तिला एवढीशी वाट मिळाली तरी ती वळून येते आणि बेस तिथल्या तिथे मरतो. म्हणून ड्रायव्हर कुठला, अँप किती वॉटचा हे सध्या बाजूला ठेवा आणि आधी माळ्याच्या पाट्या बघा. आपल्याकडच्या जुन्या माळ्यांना दोन पाट्यांमध्ये करंगळी जाईल एवढ्या फटी असतात, लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं आणि पावसात फुगतं, तो जीवच आहे त्याचा.

रात्री माळ्यावर एक चांगला झगझगीत बल्ब लावा, खाली सगळे दिवे बंद करा, दार लावा आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्या. जिथे जिथे छतात उजेडाची रेघ दिसेल तिथून बेस पळणार. माझ्याकडे भिंत आणि माळा जिथे मिळतात तिथे पूर्ण लांबीभर रेघ होती, कारण चिऱ्याची भिंत वरून कधी सपाट नसते, आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे चारी बाजूंनी पोकळी होती. ते सगळं चुन्या-सिमेंटने आणि पीयू सीलंटने भरलं, पाट्यांना खालून १२ मिमीचा मरीन प्लाय पूर्ण लावून घेतला, सांधे सीलंटने बंद. जिप्समचं छत करू नका, आपल्या हवेत ते पोट सोडतं आणि वर बुरशी धरते.

दुसरं, तुमच्या खोलीवरचा माळा बाकीच्या घराच्या माळ्यापासून वेगळा आहे का? की मधल्या भिंती माळ्यापर्यंतच आहेत आणि वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं? हे सांगा, मग पुढचं बोलू.

माप पुरेल का याचं उत्तर पुरेल, भरपूर. माळा कौलांच्या उताराने तिरका असतो, सरासरी उंची ४ फूट धरली तर २० गुणिले १३ गुणिले ४ म्हणजे १०४० घनफूट, साडेएकोणतीस हजार लिटर झाले. नियम असा की मागची जागा सगळ्या ड्रायव्हरच्या व्हीएएसच्या (ड्रायव्हरच्या सस्पेन्शनएवढीच स्प्रिंग देणारी हवा, लिटरमध्ये) बेरजेच्या निदान चौपट हवी, दहापट असेल तर उत्तम. एका १५ इंचीचा व्हीएएस २५० लिटर धरला तर चारांचा हजार, तुमच्याकडे एकोणतीसपट आहे. कौलांतून हवा बाहेर जाते त्याची काळजी करू नका, माळा बाहेरच्या हवेला उघडा असला तर ते आणखी मोठं झालं एवढंच. फट खोली आणि माळा यांच्यात नको.

सुपारीबाग

मी उलटं सांगतो. दोन १५ इंची सीलबंद डबे करा, पडद्याच्या खाली दोन कोपऱ्यांत. माळा फोडायला नको, सुतार नको, उंदीर नकोत, आणि उद्या घर बदललं तर उचलून नेता येतात. सीलबंद डब्याला ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करायची सोय) आणि दणकट अँप दिला की २० हर्ट्झ आरामात मिळतात. आजोबांच्या घराला भोक पाडायच्या आधी चार वेळा विचार करा.

कातळावरचा

सुपारीबाग भाऊ, तुमचं चूक नाही, पण त्यांना जमिनीवर जागा नकोय हे त्यांनी पहिल्यालाच लिहिलंय. आणि सीलबंद डब्यात आतली हवा स्प्रिंगसारखी कोनाला मागे ढकलते, तिच्याशी भांडायला अँपची ताकद जाते. इन्फिनिट बॅफलमध्ये ती हवाच नाही, त्यामुळे ड्रायव्हरमागे शंभर-दोनशे वॉटमध्ये काम होतं आणि अँपचे पैसे वाचतात. आवाजातही फरक पडतो, पखवाजाची डावी बाजू वाजते ना, ती थाप आणि तिची घुमणारी शेपटी वेगवेगळी ऐकू येते. ज्याने एकदा ऐकलं तो परत डब्याकडे जायला राजी नसतो.

देवगडचा_मिस्त्री

ड्रायव्हर निवडताना फसगत होते म्हणून लिहितो. आपल्याकडे १५ आणि १८ इंची म्हटलं की दुकानदार डीजेवाले पीए ड्रायव्हर काढून ठेवतो. ते इथे चालत नाहीत. त्यांचा क्यूटीएस (कोन किती उशिरा थांबतो त्याचा आकडा) ०.३ ते ०.४ च्या घरात आणि एफएस (कोन स्वतःहून डोलतो ते हर्ट्झ) ३५-४० हर्ट्झ, म्हणजे मोठा चुंबक, कडक सस्पेन्शन (कोनाला धरून ठेवणारा लवचिक भाग), पोर्टच्या डब्यासाठी बनवलेला माल. उघड्या माळ्यावर लावला तर ७५-१०० च्या खाली आवाज उतरायलाच लागतो. आपल्याला क्यूटीएस ०.६ ते ०.८, एफएस २० च्या आसपास किंवा खाली आणि एक्समॅक्स (कोन मधून किती हलू शकतो ती मर्यादा) भरपूर, एका बाजूला १२ मिमी तरी. परदेशात खास याच कामासाठी बनवतात, डेटन ऑडिओचा १५ इंची आहे, फाय आणि अकूस्टिक एलिगन्सनेही केलेत, पण मागवायला जकात आणि कुरिअर धरून हिशोब करा, वजनदार माल असतो. नाहीतर कार ऑडिओमधले काही १५ इंची बसतात, क्यूटीएस वाचून घ्या, दुकानदाराला माहिती नसेल तर डब्यावरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर जाऊन माहितीपत्रक बघा, त्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढ्या मोठ्या माळ्यावर क्यूटीएस जवळजवळ तसाच राहतो, ०.७ चा ०.७१ होईल, त्यामुळे जो ड्रायव्हर घ्याल त्याचा स्वभाव जसाच्या तसा ऐकू येणार. क्यूटीएस १ च्या वर असलेला स्वस्त माल घेतलात तर बेस चिकट आणि लांबलेला येतो.

आवाज किती येईल तेही बघा. १५ इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ८२० चौरस सेंमी, १२ मिमी हालचाल, चार ड्रायव्हर, म्हणजे एका धक्क्यात चार लिटरला थोडी कमी हवा सरकते. सपाट छतातून तेवढ्यावर २० हर्ट्झला १ मीटरवर ११२ डेसिबल निघतात. १० हर्ट्झला तीच हालचाल १२ डेसिबल कमी देते. बसायची जागा ३ मीटरवर असेल तर हिशोबाने दहाएक डेसिबल जातील, त्यातले काही खोली परत देते, पण लाकडी छत आणि जुन्या खिडक्यांच्या खोलीत ते फार धरू नये. सिनेमाच्या पूर्ण रेफरन्स पातळीला (थिएटरसाठी ठरवलेला आवाज) एलएफई चॅनेलचा, म्हणजे फक्त बेसच्या वेगळ्या ट्रॅकचा, शिखर आवाज ११५ असतो, तेवढ्यावर घरी कोणी बघत नाही. चार पुरतात.

कोन कागदाचा चालेल पण पाण्याला टिकणारा लेप दिलेला हवा, पॉलिप्रॉपिलीन असेल तर अजून बरं. कडा रबराचीच घ्या. फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत हाताला पीठ होऊन येते. सांगाडा बिडाचा किंवा पत्र्याचा नको, अॅल्युमिनियमचा ओतीव घ्या, समुद्रावरून येणारी खार पत्र्याला सोडत नाही. तांब्याच्या तारांची टोकं कळकतात म्हणून टोकांना कथिल लावून घ्या आणि वर हीट श्रिंक ट्यूब चढवा.

माजघरातून

मी स्वतः काही बसवलेलं नाही पण आमच्या शेजारच्या वाडीत एकांनी केलंय आणि त्यांच्या घरी मी जाऊन ऐकलंय, म्हणून दोन गोष्टी. त्यांचा माळा सगळ्या घरावर एकच होता. थिएटरच्या खोलीत सिनेमा लागला की माजघरात झोपलेल्या आजींना खाट हलल्यासारखी वाटायची, कारण मागची लाट माळाभर फिरून दुसऱ्या खोलीत उतरते. त्यांनी मग माळ्यावर मधली भिंत आढ्यापर्यंत चढवली, वर उरलेल्या कौलांच्या तिरक्या फटीही बंद केल्या, आणि आजींची तक्रार थांबली. पडवीतला दादा, तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी करा. आणि आपल्याकडे रात्री वाडीत एवढी शांतता असते की कौलांतून गेलेला बेस पाणंदीच्या पलीकडच्या घरालाही कळतो, कौल काही आवाज अडवत नाही. शेजाऱ्यांना एकदा बोलावून ऐकवा, कधी वाजवाल ती वेळ ठरवून टाका.

दुसरं, माळ्यावर आईचे तांब्याचे हंडे, पातेली, गणपतीचं मखर, जे काही असेल ते आधी खाली आणा. थरथर सुरू झाली की सगळ्यात आधी पितळी झाकणं बोलायला लागतात आणि मग तासन् तास कुठून आवाज येतोय हे शोधत बसायचं.

पडवीतला_प्रोजेक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बल्ब लावून बघितलं. पाट्यांमध्ये वाटलं होतं तेवढ्या फटी नाहीत, किंजळाच्या जाड पाट्या आहेत आणि एकमेकींत खाच करून बसवल्यात, पण भिंतीच्या कडेला चारी बाजूंनी उजेड दिसला आणि माळ्यावर चढायच्या झडपेभोवती तर सरळ चौकट दिसली. माळा तिन्ही खोल्यांवर एकच आहे, मधली भिंत माळ्यापर्यंतच थांबते. आजी आहेत, त्या मधल्या खोलीत झोपतात, त्यामुळे माजघरातून ताईंनी सांगितलंय ते करणारच. भिंत चिऱ्याची चढवू की हलकी करू? आणि कातळावरचा दादा, ड्रायव्हर छताला तोंड खाली करून बसवायचे की तुम्ही काही वेगळं केलं?

कातळावरचा

भिंत चिऱ्याचीच चढवा, खाली भिंत आहे म्हणजे वजन थेट पायावर जातंय. वर वासे आणि रिपांच्या मधल्या जागा हाताने भरून घ्याव्या लागतील, गवंड्याजवळ उभे राहा, नाहीतर तो "एवढ्याने काय होतंय" म्हणून सोडून देतो. झडपेला गोठ्याच्या दारासारखी नाही, फ्रिजच्या दाराला असते तशी रबरी पट्टी लावा आणि दोन कड्या, दाबून बसली पाहिजे.

तोंड खाली करून छतात लावू नका. सांगतो का. एकतर कोन स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, २० हर्ट्झ एफएस असेल तर साधारण ०.६ मिमी. १२ मिमीच्या एक्समॅक्समध्ये हे पाच टक्के झाले, चालून जातं, पण १६ हर्ट्झचा मऊ ड्रायव्हर असेल तर हेच एक मिमीच्या जवळ जातं आणि ते वर्षानुवर्षं तसंच. खरा प्रश्न थरथरीचा आहे. चार ड्रायव्हरचं हलणारं वजन मिळून एक किलो धरा. २० हर्ट्झला १२ मिमी हलताना ते छताला जवळजवळ १९ किलोच्या वजनाएवढा धक्का देतं, वर-खाली, सेकंदाला वीस वेळा. जुन्या तुळयांवर हे लादायचं नाही.

म्हणून मॅनिफोल्ड करायचा. माळ्यावर बसणारी एक प्लायची पेटी, तळ उघडा, तो उघडा तळ म्हणजेच छतातलं तोंड. दोन उभ्या बाजूंना दोन-दोन ड्रायव्हर, समोरासमोर, चुंबक बाहेर माळ्याकडे. चारही कोन एकदम आत येतात आणि एकदम बाहेर जातात, त्यामुळे डाव्यांचा धक्का उजव्यांनी खाल्ला, पेटीवर हात ठेवला तर हाताला जेमतेम कळतं. कोन उभे असल्याने लोंबायचा प्रश्नही संपला. माझी पेटी आतून ३६ इंच लांब, १६ इंच रुंद, १८ इंच उंच आहे. तोंडाचं क्षेत्रफळ ३७०० चौरस सेंमी होतं, चार कोनांच्या ३२८० पेक्षा जास्त, त्यामुळे हवा घुसमटत नाही. पेटी उगाच खोल करू नका, दोन फूट खोल पेटी १४० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली स्वतःच घुमायला लागते, आपल्याला क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबला जातात ती हद्द) ८० ला ठेवायचाय तर तो घुमारा जेवढा वर राहील तेवढं बरं.

प्लाय मरीनच, आयएस ७१० लिहिलेला, १८ मिमी आणि ड्रायव्हरच्या बाजूंना दुहेरी. एमडीएफ आपल्याकडे पहिल्या पावसात पावासारखा फुगतो. सगळं मिळून वजन ७० किलोच्या पुढे जातं, ते वाशांना टांगायचं नाही, वाशांवर कौलं आहेत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोन लोखंडी बॉक्स सेक्शन टाका, टोकाखाली चिऱ्यावर लोखंडी पट्टी आणि रबराची गादी, पेटी त्यावर बसवा, आणि पेटीचा तळ व छताच्या कडेमधली फट लवचिक सीलंटने भरा. तोंडाला खालून मजबूत जाळी लावा, पोरं खाली झोपणार आहेत.

देवगडचा_मिस्त्री

माळ्यावरच्या बाजूला पण पिंजरा करा, विसरू नका. अर्धा इंची जीआय जाळी आणि आतून डासांची बारीक जाळी. उंदीर स्पीकरची तार आवडीने कुरतडतात हे सगळ्यांना माहिती आहे, पण कुंभारणीचा कोणी विचार करत नाही. ड्रायव्हरच्या चुंबकाला मागे मधोमध एक भोक असतं, कॉइल थंड राहायला. ही माशी नेमकं तेच भोक मातीने लिंपून बंद करते, आत अळ्या ठेवते, आणि माती वाळून आत पडली की कॉइलच्या फटीत जाते, मग आवाज खरखरायला लागतो आणि ड्रायव्हर उघडून काही साफ होत नाही. बारीक जाळीने हे थांबतं.

आणि पिंजऱ्याच्या वर, हवा अडणार नाही इतकी उंच, ताडपत्री किंवा फायबरचा एक तुकडा उतरता बांधून ठेवा. कौलं मृगाच्या आधी परतून घेतलीत तरी वानर एक उडी मारून दोन फोडून जातात, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस त्या एका भोकातून बरोबर ड्रायव्हरवर येतो.

लोटे_रोड

मी चिपळूणचा, माझं स्लॅबचं घर आहे. मला स्लॅबला भोक पाडून वर गच्चीवरच्या खोलीत असं करता येईल का?

देवगडचा_मिस्त्री

स्लॅबला हात लावू नका, सळई कापली गेली की गेलं. बाजूला कोठीची खोली किंवा जिन्याखालची बंद जागा असेल तर विटांच्या भिंतीतून करा, तेच तत्त्व, फक्त इंजिनिअरला भिंत दाखवून घ्या, आणि बीम-कॉलमपासून लांब.

पडवीतला_प्रोजेक्टर

मॅनिफोल्ड पटलं. सुतार आमच्याच वाडीतला आहे, त्याला पेटीचं चित्र काढून दिलं, तो म्हणाला करू. तोंड छतात कुठे पाडू, पडद्याच्या वर की मधोमध? आणि अँप माळ्यावर ठेवू का, तार कमी लागेल.

कातळावरचा

अँप खालीच. माळ्यावर मे महिन्यात कौलांखाली जी भट्टी होते त्यात अँप टिकत नाही. तार चांगली जाड घ्या, २.५ चौरस मिमीची घरगुती वायर चालते, पाइपातून न्या. अँपच्या बोर्डला सर्ज प्रोटेक्टर आणि घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या, आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा, आपल्याकडे विजेने टीव्ही गेला नाही असं घर शोधावं लागेल.

जागेचं असं आहे. २० फुटांच्या लांबीत खोली २८ हर्ट्झला घुमते, १३ फुटांच्या रुंदीत ४३ ला, आणि उंचीत ५९ च्या आसपास. तोंड रुंदीच्या बरोबर मध्यावर घेतलंत तर ४३ चा घुमारा उठतच नाही, हा फुकटचा फायदा आहे, तो घ्या. लांबीत मात्र मधोमध घेऊ नका, तिथे २८ ची मदत जाते, पडद्याच्या भिंतीपासून ३-४ फुटांवर, जिथे दोन तुळयांच्या मधली मोकळी जागा असेल तिथे. तुळई कापायची नाही, तोंडच सरकवायचं. भोक पाडायच्या आधी तुमचा आत्ताचा १० इंची सब स्टुलावर चढवून त्या जागी जमेल तितका छताजवळ धरा आणि बसायच्या जागी मापून बघा. यूमिक-१ सारखा मापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर, बस्स. ४० च्या वरचं चित्र तरी कळेल, दोन-तीन जागा तपासून मग करवत लावा. नंतर मिनीडीएसपीमध्ये (अँपच्या आधी जोडायचं ईक्यूचं छोटं यंत्र) ईक्यू करताना फक्त शेंडे छाटा, खड्डे भरायला जाऊ नका, खड्ड्यात कितीही वॉट ओता तो भरत नाही आणि कोन मात्र मर्यादेपलीकडे हलतो. खाली १२ हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे स्वर अडवणारी चाळणी) लावून ठेवा, माळ्यावर कोनाला अडवायला हवा नाही, फक्त त्याचं स्वतःचं सस्पेन्शन आहे.

जोडणीचं, ८ ओमचे चार असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, एकूण ८ ओमच राहतात, कुठलाही बरा अँप ओढतो. पेटी वर चढवायच्या आधी खाली अंगणातच सगळी जोडणी करून ९ व्होल्टची बॅटरी तारेच्या टोकांना क्षणभर टेकवा. चारही कोन एकाच वेळी पेटीच्या आत आले पाहिजेत किंवा चारही बाहेर गेले पाहिजेत. एक जरी उलटा गेला तर त्याच्या तारा अदलाबदल करा आणि परत टेकवून बघा. वर चढवून पिंजरा ठोकल्यावर हे करायचं झालं तर सगळं परत सोडावं लागतं.

पडवीतला_प्रोजेक्टर

गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय, आधी मधली भिंत आणि झडप. ड्रायव्हरचे दोन मॉडेल बघून ठेवलेत, क्यूटीएस एकाचा ०.६२ आणि दुसऱ्याचा ०.७४, दुसऱ्याची कडा फोमची आहे.

देवगडचा_मिस्त्री

०.६२ वाला घ्या, त्याची कडा रबराची आहे हे एकदा बघून.